वाडा बसलाय

कुपवाडच्या वर्कशॉपात लेथवर काम करणाऱ्या रविराजनं सहा मिनिटांची फिल्म काढली, ती कलेसाठी नव्हे. कलाबिला त्याच्या गावीही नव्हतं. त्याला थोरल्या भावाला, धुळाला, घरी बोलवायचं होतं. बस्स.

घर कवठे महांकाळकडचं, मेंढरांचं. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी रानात जाळीची वाघर लावायची, आत मेंढरं कोंडायची आणि बाजूला तीन दगडांची चूल मांडायची. या तळालाच ही माणसं वाडा म्हणतात. दीड वर्षापूर्वी धुळाच्या राखणीत लांडग्यानं सात मेंढरं फाडली, तेव्हा बाप कोंडीबा चारचौघांत बोलून गेला, "तुज्या राखणीपरीस रिकामी जागा बरी." धुळानं घोंगडं तिथंच टाकलं आणि चालू लागला. नंबरसुद्धा बदलला.

कोंडीबाला पस्तावा झाला, पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटेना. राखणदाराची भाकर वाघरीजवळ दगडावर ठेवायची यांच्यात रीत आहे. कोंडीबा रोज धुळाच्या वाटणीची भाकर स्वतःच्या हातानं तिथं ठेवू लागला. तुझी जागा तुझीच आहे, एवढा त्याचा अर्थ, आणि तो धनगराच्या पोराला फोडून सांगावा लागत नाही. रविराजनं मोबाइलवर तेवढंच टिपलं. मेंढरं कोंडून झाली की आई, भामाबाई, रोजची हाळी देते, "वाडा बसलाय, धुळा, ये रं!" आणि बाप भाकर ठेवतो. संपली फिल्म.

वर्कशॉपातला नाथाजी म्हणाला, "आशीच टाकलीस तर कुत्रं बगणार न्हाई. सांगलीच्या स्पर्धेत दे. नंबर आला की गावभर हुतंय." रविराजला पटलं. त्यानं फॉर्म भरला, सही ठोकली. सही करायच्या आधी कागद वाचायची सवय आपल्यापैकी कुणाला आहे?

नंबर आला, तोही पहिला. बक्षीस द्यायला साताऱ्याहून ऋषिराज सर आले होते. शॉर्टफिल्म उलगडून सांगणारा त्यांचा चॅनेल, लाखभर माणसं ऐकतात. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. फिल्म बघताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

"'वाडा बसलाय'," ते माइकवर म्हणाले, "या दोन शब्दांत अख्खं घराणं कोसळतं. भिंत बसते ना, तसा वाडा बसला. आणि ज्याच्यासाठी तो उभा होता तो मुलगाच गेलेला आहे. बाप घराबाहेर दगडावर त्याचं पान ठेवतो. मेलेल्या लेकराला बापानं वाढलेला नैवेद्य! माझ्या अंगावर काटा आला."

रविराजच्याही आला. तो उभा राहिला. "सर, वाडा बसला म्हंजी पडला न्हवं. मेंढरं बसली, मुक्काम पडला. आन माजा भाऊ मेल्याला न्हाई. जिता हाय त्यो."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासाठी तो जिवंतच राहणार," ते हळुवारपणे म्हणाले. टाळ्या पडल्या. "आणि एक सांगू? कलाकृती लोकांपुढं आली की ती कलाकाराची उरत नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं यापेक्षा ती काय म्हणते हे मोठं." आणखी टाळ्या पडल्या. एवढ्या गदारोळात एकट्यानं किती ओरडायचं? रविराज खाली बसला.

आता फिल्म नेटवर टाकू, म्हणजे धुळा बघेल, असा त्याचा बेत होता. आयोजकांनी सहीचा कागद पुढं केला. फिल्म वर्षभर बाहेरच्या महोत्सवांत फिरणार, तोवर ती कुठंही टाकायची नाही. सरांच्या बोलण्याला मात्र कसली अट नव्हती. त्यांचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ आला, 'मेलेल्या मुलासाठी बापाचं पान'. त्यात फिल्मचा तुकडाही नाही, नुसता भामाबाईचा फोटो, चुलीच्या धुरानं डोळे चोळतानाचा. आठ दिवसांत दोन लाख लोकांनी तो पाहिला. रविराजनं खाली लिहिलं, 'भाऊ जिवंत आहे.' कुणीतरी उत्तर दिलं, 'दिग्दर्शकालाच फिल्म कळलेली नाही.' त्या उत्तराला तीनशे लाइक.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रव्या."

रविराजचा घास तोंडातच राहिला. "दादा! कुठं हायस?"

"हाय एका ढाब्यावर. त्या सरांचा व्हिडिओ बगितला. आबानं माजं पान ठिवलं व्हय रं? मी जित्ता आसताना?"

"आरं न्हाई! ती राखणीची भाकर हाय, वाघरीपाशी..."

"मग सर नैवेद्य का म्हंत्यात? एवढा शिकल्याला माणूस खोटं बोलंल व्हय?" धुळाचा आवाज फाटला. "ऱ्हाऊ दे. आबाला म्हणावं, मेलो मी. झाला मोकळा."

फोन तुटला. रविराजनं परत लावला तर ढाब्याचा मालक बोलला. फोन त्याचा होता. धुळा पिशवी उचलून समोरच्या ट्रकमध्ये बसून गेला होता, कुठं ते मालकाला ठाऊक नव्हतं. रविराजनं सहीबिही खड्ड्यात घातली आणि त्या नंबरवर अख्खी फिल्म धाडली. सोबत लिहिलं, धुळा परत आला तर दाखवा. अर्ध्या तासानं मालकाचं उत्तर आलं, 'लय भारी. पण पोरगं कशानं मेलं ते दाखवलं नाही.'

दुसऱ्या दिवशी तो वाड्यावर गेला. आईबापाकडं बटणाचा फोन, व्हिडिओची गोष्ट त्यांच्यापर्यंत आली नव्हती. धुळाचा फोन आला होता, एवढंच त्यानं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडेना. भामाबाईला तेवढंही पुष्कळ झालं. कोंडीबा एका मेंढराच्या खुरातला काटा काढत होता, तो तसाच थांबला.

"म्हंजी पिच्चर पोचला त्याला," भामाबाई म्हणाली. "कुणामुळं? त्या साताऱ्याच्या सरांनी बक्षीस दिलं म्हणून. लाव त्यास्नी फोन. मला बोलू दे."

रविराजनं आढेवेढे घेऊन बघितले. ती ऐकेना. शेवटी त्यानं फोन लावून तिच्या हातात दिला.

"आवं सर, मी धुळाची आई. तुमचं लय उपकार झालं. काल धुळा बोलला बगा! आता यील त्यो. तुमी बी या, कालवण-भाकर खाऊन जावा." एवढं बोलून तिनं लाजत फोन लेकाकडं दिला.

रविराजनं फोन कानाला लावला.

"रविराज," सर म्हणाले, "आईंनी अजून मान्यच केलेलं नाही, नाही का?"

भामाबाई पदरानं डोळे टिपत हसत होती. कोंडीबा मेंढराचा पाय धरून, कान इकडं लावून बसला होता. सरांना खोडून काढायचं तर या दोघांच्या कानांवर 'मेला' हा शब्द घालावा लागला असता.

"व्हय, सर," रविराज म्हणाला.