किंमत सांगायची नाही
टेक्ससमध्ये मार्ला कुबेना नोकरीला होती त्या दुकानात गाडी बघता येई, आत बसून स्टिअरिंगही धरता येई. किंमत मात्र कळत नसे. गिऱ्हाइकानं खुशाल विचारावी, मार्लानं सांगायची नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ती थेट लोकांना विकू नये, मध्ये डीलर हवाच, असा तिथला कायदा. त्यामुळे ऑस्टिनमधलं कंपनीचं हे चकचकीत दुकान कायद्याच्या लेखी दुकान नव्हतंच, नुसतं प्रदर्शन होतं. ज्याला गाडी हवी त्यानं घरी जाऊन कॉम्प्युटरवर मागवावी. हसावं की रडावं, असा कारभार.

या कायद्याची राखण करण्यात मार्लाचे वडील सगळ्यांच्या पुढे. एमिल कुबेनांचं गावाकडे गाड्यांचं शोरूम होतं, आजोबांपासूनचं. कायदा बदलणार अशी नुसती कुणकुण लागली, की म्हातारा हॅट चढवून विधानभवनात साक्षीला हजर. दोन वर्षांपूर्वी तिथंच बापलेक समोरासमोर उभे राहिले. आमदारांपुढे, माइकवर, मार्ला म्हणाली, "डीलर म्हणजे शेवटी दलालच." चार लोक हसले. एमिल हॅट उचलून निघून गेले आणि तेव्हापासून बोलणं बंद झालं.

या शनिवारी ते अचानक दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कोलाचीचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा खोका. आई दर शनिवारी भाजायची त्याच जर्दाळूच्या. मार्लाला आधी आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. हल्ली काही डीलर खोटी गिऱ्हाइकं पाठवत होते. गोड बोलून किंमत वदवून घ्यायची आणि वर तक्रार ठोकायची. तिचा एक सहकारी असाच सापडला आणि नोकरीला मुकला.

एमिलनी पांढऱ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. बुटाच्या टोकानं टायर ठोकला.

"केवढ्याला?"

मार्लाचा चेहरा कठोर झाला. म्हणजे डीलरांनी या वेळी बापालाच पाठवलं.

"या जागेत किंमत सांगायची परवानगी नाही, मिस्टर कुबेना."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "चालवून बघू का जरा?"

"तेही नाही."

"आणि घ्यायचीच म्हटलं तर?"

"कॉम्प्युटरवर. इथं विकत नाही आम्ही. कायदा आहे. तुम्हाला तर पाठच असेल."

"पाठ आहे," एमिल म्हणाले. "चोख बोललीस. कुणाला चूक काढता यायची नाही."

झालं, तिला वाटलं, परीक्षाच होती. खोका टेबलावर ठेवून ते गेले. तिनं त्याला हात लावला नाही. आपण जिंकलो, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी दुकान आवरताना आईचा फोन आला. "मग? कुठला रंग घेतला त्यांनी?"

"कसला रंग, ममा?"

"अगं, गुरुवारी शोरूम विकलं ना. म्हणाले, जन्मात दुसऱ्याकडून गाडी घेतली नाही, आता घ्यायचीच तर मार्लाकडून घेईन. सकाळपासून आरशापुढं काय, शर्ट काय. मी म्हटलं, तिला विकता येत नाही ना? तर म्हणाले, माहीत आहे मला, पण विचारेन तरी."

मार्लानं टेबलावरच्या खोक्याकडे बघितलं. "ममा, मला वाटलं ते मला पकडायला आलेत."

आईनं फोन वडिलांच्या हातात दिल्याचा आवाज आला.

"डॅडी," मार्ला रडतच म्हणाली, "मी सांगते किंमत. दुकानातूनच सांगते. नोकरी गेली तर गेली."

"नको पोरी. गाडी नकोच होती मला." ते म्हणाले. "तुला भेटायचं होतं. पण गाडीशिवाय तुझ्याशी काय बोलायचं, ते मला कधी कळलंच नाही."

तिनं बोलायला काहीतरी शोधून बघितलं, गाडीचं नसलेलं, दोघांचं, काहीही. फोन कानाशी तसाच होता. पलीकडे ते वाट बघत होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

"रस्त्यात ट्रॅफिक होता का, डॅडी?"

"फार नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.