रोज दिसणारा चेहरा

लहान मुलांचे कपडे शिवण्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हल्ली कात्रीच्या कड्यात तिचा अंगठाच जाईना. चपलेचा नंबर दोनदा वाढला. घोरणं तर असं, की नवरा म्हणे, "शेजारचे विचारतात, गिरणी कधी टाकलीत?" तीही हसे. वय झालं, अंग सुटलं, म्हणून दोघांनी विषय सोडून दिला होता. डोकं मात्र सतत ठणकायचं.

धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी आली ती उंबऱ्यातच थबकली, मग गळ्यात पडून रडू लागली. थोरलीला वाटलं, मायेनं रडतेय. जेवताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, दारात मला बाबाच उभे दिसले गं."

बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

धाकटीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागवून ओळीनं मांडले. कपाळ, नाक, जबडा कसकसा रुंदावत गेला, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. वाढीचं हार्मोन उतरायला हवं होतं, ते उतरलं नाही. मग एमआरआय. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण डोळ्यांच्या नसेला टेकली होती.

ऑपरेशन नाकातून झालं. गाठ बरीचशी निघाली; रक्तवाहिनीला चिकटलेली तेवढी राहिली. तिच्यासाठी आता दरमहा इंजेक्शन. डोकेदुखी थांबली, बोटांची सूज ओसरली. चेहऱ्याचं विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज उतरते. हाडं वाढली ती वाढली. थोडं आधी आला असतात तर..."

नवऱ्यानं ते मनाला लावून घेतलं. "मी रोज बघत होतो गं तुला," तो एकदा म्हणाला.

"रोज बघत होतात, म्हणूनच दिसलं नाही."

तिला त्याची समजूत घालायची होती. पण आवाज जाड, घोगरा निघाला आणि त्याला तो टोमणा वाटला.

एका दुपारी फ्रॉकचं कापड घेऊन एक अनोळखी बाई दारात आली. "दादा, शिवणाऱ्या ताई आहेत का घरात?"

थोरली जराशी थांबली. "बाहेर गेल्यात," ती म्हणाली. "माप सांगून ठेवा, मी कळवतो."

बाई गेली. आतून नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. तो येऊन तिच्याशेजारी बसला. तिनं कापड मांडीवर पसरलं आणि खडू शोधू लागली.