सगळ्यांच्या वतीनं

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात माणसं नऊ आणि बोलणारा एक, तो म्हणजे मी, कोंडीबा. सगळ्यात जुना ना! पगारवाढ असो की सुट्टी, मालकांपुढं तोंड मी उघडायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी रीतच पडली होती. मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला लेथ मशिनांची पूजा झाली. पेढे वाटता वाटता जयराजमालक म्हणाले, "सगळ्यांचा आरोग्य विमा काढू या का? आपला कारखाना लहान, कायद्याची सक्ती नाही. पण निम्मा हप्ता मी भरतो, निम्मा पगारातनं कापू."

मी लगेच हात जोडले. "आवं मालक, तुमी हाय की! कागुद कशाला पायजे? आमी काय परकं हाय व्हय?"

मालकांना भरून आलं. विषय तिथंच संपला. आणि माणूस खरंच तसा होता. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं बोट मशिनात सापडो, स्वतः गाडी काढून दवाखान्यात न्यायचे.

यंदा मालकांनाच अर्धांगवायू झाला. वाचा गेली. कारखाना त्यांच्या मेहुण्याच्या हातात आला. त्याच महिन्यात माझ्या शेजारच्या लेथवरचा बिराप्पा छातीला हात लावून खाली बसला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. सरकारी योजनेत नंबर लागायला महिना होता. मी मेहुण्याकडं गेलो.

"माणुसकी दाजींची होती," तो म्हणाला. "माझ्याकडं कागद घेऊन या."

कागद कुठला आणणार? तोच तर मी नको म्हटला होता.

दवाखान्यात बिराप्पापुढं मी रडलो. तो पडल्या पडल्या हसला. "आण्णा, जिवाला लावून घिऊ नगा. मला इचारलं असतं तर मीबी त्येच म्हणालो असतो."

त्या एका वाक्याच्या आधारावर मी पुढचे दिवस काढले. आम्ही आठही जण दारोदार फिरलो, पण जमवाजमव पुरी व्हायच्या आधीच बिराप्पा गेला. पोरगं सोन्यासारखं होतं हो!

दहाव्याला आटपाडीकडं त्याच्या गावी गेलो. त्याची बायको रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला धीर द्यायला की स्वतःला, देव जाणे, मी तिला बिराप्पाचं ते बोलणं सांगितलं.

"तुमास्नी वाईट वाटू न्हये म्हणून बोलले त्ये," ती म्हणाली. "त्या खंडेनवमीला घरी आले आन् जेवलेच न्हाईत. म्हणले, इमा पायजे हुता गं मला, कवापासनं छातीत कळ येतीया. पण आण्णा न्हाई म्हणून बसल्यावर मी कसं बोलू?"