सावकाश काकांचा उजवा हात

“काका, आत कुणी टकटक करतंय का हो?” डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरजवळ कान नेला.

“डिस्क आहे ती, ताई. आवाज चांगला नाही.” सावकाश काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “मी गिऱ्हाइकाला वाईट बातमी आधी सांगतो, तेल लावून सांगत बसत नाही. ही जाणार. आज जाईल, दोन महिन्यांनी जाईल, पण जाणार. त्याआधी आतलं सगळं बाहेर काढू.”

डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी दवाखान्यासाठी हा कॉम्प्युटर घेतला त्याला अकरा वर्षं झाली होती. पडदा आणि मशीन एकातच, टेबलावर दुसरी पेटी नाही. तेव्हा पेशंट औषध विसरून त्याच्याकडेच बघत बसायचे. आता वडील नव्हते, आणि मशीन सुरू होईपर्यंत पेशंटचा ताप आपोआप उतरायची वेळ यायची. म्हणून आज दुपारी, दवाखाना बंद असताना, आतली जुनी फिरती डिस्क काढून नव्या पद्धतीची झटपट डिस्क बसवायचं ठरलं होतं.

काकांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्र उघडताना ते “सावकाश, सावकाश” असं स्वतःशीच पुटपुटत, त्यावरून गिऱ्हाइकांनीच बारसं करून टाकलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक काच फुटली नव्हती. गेलं वर्षभर मात्र हे नाव त्यांना वेगळ्याच कामी येत होतं, कारण काका आता खरोखरच सावकाश झाले होते. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागत होता आणि लोक कौतुकाने म्हणत होते, काम करावं तर यांच्यासारखं! माणसाने नाव कमावलं की लोक डोळे मिटून घेतात, ते असे.

झालं होतं ते असं, की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा स्वतःच्या मर्जीने हलायला लागला होता. हात कामात असला की गुमान राहायचा. रिकामा झाला की अंगठा बोटावर घासायला लागायचा, चिमटीत काहीतरी मळत असल्यासारखा. म्हणून काका हात रिकामा ठेवतच नसत. कधी स्क्रूड्रायव्हर, कधी नुसती किल्ली. बायकोलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. ती भलतंच विचारायची, “चेहरा का असा दगडासारखा? माझ्यावर रागावलात का?” हा हात गेला तर आपण कोण उरणार, या भीतीने काका आतून पोखरले होते. आणि अशा माणसाला आज अख्खी दुपार एका डॉक्टरसमोर काढायची होती. नाही म्हणावं, तर का नाही तेही सांगावं लागलं असतं.

आधी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. काकांनी नवी डिस्क बाहेरून वायरने जोडली, कॉपी सुरू केली. पडद्यावर आकडा आला: दोन तास दहा मिनिटं. एरवी ते घरी जाऊन जेवून आले असते. पण टकटकणाऱ्या डिस्कला एकटं सोडता येत नाही. दोन तास हाताला काम नव्हतं. काकांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

“तुम्ही जा ताई, आराम करा.”

“छे, मी इथेच फाइली लावत बसते,” बाई म्हणाल्या. मग एक फाइल उघडता उघडता, वर न बघता, “काका, मघाशी चालत आलात तेव्हा तुमचा उजवा हात हलत नव्हता. खांदा दुखतो का?”

“पिशवी होती ना हातात.”

“पिशवी डाव्या हातात होती.”

त्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं. काकांच्या मांडीखाली अंगठा चालूच होता, विजारीच्या कापडातून तो त्यांना जाणवत होता.

थोड्या वेळाने बाई उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. “केवढा वास सुटलाय! तुमच्या पिशवीतली स्पिरिटची बाटली सांडली वाटतं.”

काकांनी पिशवी उघडली. तळ ओला झाला होता. त्यांनी बाटली नाकाशी नेली आणि त्यांना कसलाच वास आला नाही. “सर्दी झालीये,” ते म्हणाले. बाईंनी मान हलवली, पण काकांच्या हातात रुमाल नाही हे त्यांनी बघितलं.

मग टकटक एकदम थांबली. आकडा एकाहत्तर टक्क्यांवर गोठला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरला. “गेलं का सगळं?” बाईंचा आवाज उतरला. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. मिनिटभराने डिस्क कुरकुरली आणि आकडा बहात्तर झाला.

कॉपी संपली तेव्हा काकांना हायसं वाटलं, कारण आता हाताला काम होतं. त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला, टेबलावर आडवं करून प्लॅस्टिकचं पातळ चाक पडद्याच्या कडेने फिरवत आतली चिकटपट्टी कापली. “सावकाश, सावकाश.” पडदा बोटभर उचलून मागच्या दोन नाजूक वायरी सोडवल्या. “त्या बाजूच्या बोर्डाला हात लावू नका ताई. प्लग काढला तरी त्यात वीज दबा धरून असते.”

बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. जुनी डिस्क निघाली. तिच्याखाली धुळीत एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. काकांची ही पद्धतच होती: उघडलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटात तारीख आणि केलेलं काम लिहून ठेवायचं, पुढे उघडणाऱ्याला उपयोग होतो. सात वर्षांपूर्वी पंखा बदलला होता, त्याची ती पट्टी. टपोरी, गोल अक्षरं, शाळेच्या फळ्यावर लिहावीत तशी.

काकांनी नवी डिस्क बसवली, तिची वायर जोडली, तापमान मोजणारी बारीक तार जागेवर अडकवली. मग सवयीने नवी पट्टी काढून लिहिली आणि जुन्या पट्टीशेजारी चिकटवली.

टॉर्चचा उजेड तिथेच थांबला. नवी अक्षरं मुंगीएवढी होती, आणि ओळ संपेपर्यंत तीही आक्रसत जाऊन शेवटचा शब्द नुसती रेघ झाला होता. काकांनीही ते आत्ताच पाहिलं. ही एकाच माणसाची अक्षरं आहेत हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

“किती दिवस झाले, काका?” बाईंनी हळूच विचारलं.

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. “वर्ष झालं असेल,” ते म्हणाले. “कामात असला की नाही हलत हो. कामाला काही बाधा नाही.”

“घरी माहीत आहे?”

“नाही.” काका पट्टीकडेच बघत होते. “ताई, तेल लावून सांगू नका. काय असेल ते सांगा.”

“तपासल्याशिवाय काही सांगणार नाही. औषधं असतात, पुष्कळ फरक पडतो.” बाई थांबल्या. “पण हात, वास, हे अक्षर, यावरून मला कंपवाताची शंका येतेय. ती खरी असेल तर हात पूर्वीसारखा होणार नाही.”

काकांनी मान डोलावली. “आधी हे बंद करतो,” ते म्हणाले.

त्यांनी वायरी जोडल्या, मशीन चालतं का ते पाहिलं, कडेने नवी चिकटपट्टी लावून पडदा बसवला. कडेला कडा अचूक जुळली. स्पिरिटच्या बोळ्याने काचेवरचे बोटांचे ठसेसुद्धा त्यांनी पुसले. या सगळ्याला पाऊण तास लागला, आणि बाईंनी एकदाही टॉर्च खाली घेतला नाही. बाहेरच्या बाकावर चारचे पेशंट येऊन बसायला लागले होते.

बटण दाबलं. बघता बघता पडदा उजळला, पेशंटची यादी समोर आली, अकरा वर्षांतलं एकही नाव न गळता.

“दहा मिनिटं थांबा,” बाईंनी दार उघडून बाहेर सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नवं पान उघडलं. “काका, तुमचं पूर्ण नाव काय?”

काकांनी सांगितलं. कितीतरी दिवसांत ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

“वय?”

“अठ्ठावन्न.”

“बसा.”

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि ते पेशंटच्या स्टुलावर बसले. उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला, त्यावर डावा दाबून धरला. मग तो डावा हात काढून घेतला.