दोन मिनिटं चालू ठेवा

माझा कुणावर विश्वास बसत नाही, हे परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. वीस-बावीस वर्षं मी भुसाराचं दुकान चालवतो आहे. तोंडाशी टपोरी ज्वारी आणि तळाशी खडे, अशी पोती मी रोज पाहतो. माणूसही मी तसाच बघतो. वरचं सोडून द्यायचं, तळाशी काय आहे ते आधी चाचपायचं. माझी बायको भागम्मा म्हणते, "तुमी आरशात बघतानासुदिक मागं कोण उभं हाय ते बघता." म्हणू दे. आजवर मला कुणी फसवलेलं नाही.

मला नाद एकच, गाडीचा. हैदराबादच्या एका नवाबी घराण्यानं विकायला काढलेली, आठ सिलिंडरची, लांबलचक अमेरिकन गाडी मी घेतली होती. हैदराबादजवळ एका जुन्या विमानपट्टीवर दर जानेवारीत तिकडचा एक मोटार क्लब शर्यत भरवायचा. त्र्याहत्तरला गेलो, चौऱ्याहत्तरला गेलो, आणि दोन्ही वेळा शेवटून दुसरा आलो. गाडी दिसायला राजा होती, पण सरळ पट्टीवर तिचा जोर कमी पडायचा. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी ठरवलं, यंदा इंजिनाचंच काहीतरी करायचं.

गाडी बघायचा सिताराम. तिशीतला, काळासावळा, कमी बोलणारा गडी. येलदरीच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या मोठमोठ्या यंत्रांवर तो काम शिकला. धरण झालं, काम संपलं, आणि तो परभणीला आला. माझ्या गोदामामागच्या शेडमध्ये तो माझी गाडी आणि आणखी चार जणांच्या जीपा दुरुस्त करायचा. त्याला स्वतःचं गॅरेज हवं होतं. ते व्हायचं घाटतही होतं. पाथरीचे आबासाहेब, जिनिंगवाले, तीन ट्रक आणि दोन जीपांचे मालक, माझ्यासमोर त्याला म्हणाले होते, "आप्पाच्या गाडीत जोर आणून दाखीव. स्टँडजवळची माझी शेड तुझी. माझ्या समद्या गाड्या तुझ्याकडं."

सितारामचे डोळे त्या दिवशी असे चमकले की मी मनात खूणगाठ बांधली. म्हणजे इंजिन माझं, शर्यत माझी, आणि पाटी लागणार याची.

एके दिवशी त्यानं मला शेडमध्ये बोलावून दोन रस्ते सांगितले.

"आप्पा, इंजिनात हवा दाबून भरली की जोर वाढतो. हवा दाबायला पंखा पायजे. तो फिरवायचा कशानं, एवढाच सवाल हाय. एक सुपरचार्जर. त्याला पट्टा लावायचा, इंजिनच पंखा फिरवतं. पाय दाबला की जोर हजर. दुसरा टर्बो. तो बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरतो. त्याचा जोर जरा थांबून येतो, पण येतो लय."

"तुझं मत काय?"

"सुपरचार्जर," तो म्हणाला. लगेच म्हणाला. लगेच आलेलं उत्तर मला आवडत नाही.

"म्हणजे इंजिनाचाच जोर खायचा आणि इंजिनालाच परत द्यायचा? ही तर मधल्या दलालाची तऱ्हा झाली."

"खातंय, पण त्याच्या दुप्पट देतंय. आणि धूळ, ऊन, काय बी सोसतंय."

"आणि टर्बो तर फुकट वाया जाणाऱ्या धुरावर चालतो म्हणालास. त्यात खोट काय?"

त्यानं हातातला नट फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. "खोट न्हाई, आप्पा. पण त्याला धीराचा माणूस पायजे. तुमाला घाई असती."

माझ्या गाडीला मीच लायक नाही, असं हा माझ्याच शेडमध्ये उभा राहून मला सांगत होता. मी चौकशी सुरू केली. दोन दिवसांत तळाशी काय आहे ते कळलं. धरणावरच्या एका जुन्या डिझेल यंत्राचा सुपरचार्जर येलदरीत पडून होता आणि तो लिलावात घेतला होता सितारामच्या मेहुण्यानं. आता बोला. मी सितारामला विचारलं तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. "व्हय, मेहुण्याकडंच हाय. म्हणून तर मला मालूम हाय की माल चांगला हाय." इतकं सरळ सांगतोय म्हणजे आणखी काहीतरी असणार, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात नांदेडहून सूर्यभान आला. जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकणारा, गोड गळ्याचा, दर वाक्याला "मालक" म्हणणारा. त्याच्याकडे टर्बो होता. मला त्याचाही भरवसा वाटेना. मग मी माझी नेहमीची कसोटी लावली. सोमवार होता, दुकानात महादेवाच्या तसबिरीपुढे ताजा बेल होता. मी दोघांनाही समोर उभं केलं आणि म्हणालो, "बेल उचला. म्हणा, यात माझा छुपा फायदा नाही, मी सांगतो तेच खरं."

सूर्यभाननं चपला बाहेर काढल्या, बेल उचलला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात शपथ घेतली.

सिताराम जागचा हलला नाही. "आप्पा, आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली. मी देवाची शपथ वाहत न्हाई. माझा शब्द हाय, तेवढा घ्या."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या घरात कुठल्या देवाचा फोटो नाही हे मी स्वतः पाहिलं होतं. तरीपण माझ्या मनानं घेतलं की शपथ टाळतो तो काहीतरी दडवतो. मी टर्बो घेतला.

मला वाटलं, आता हा तोंड वाकडं करील, काम लांबवील. त्यानं टर्बो उघडला, प्रत्येक भाग घासून, तेल लावून पाहिला आणि म्हणाला, "माल चांगला हाय, आप्पा. सूर्यभान खोटं बोलला न्हाई." दुसऱ्याच्या मालाची स्तुती! मला रात्रभर त्यात कावा शोधावा लागला. सापडला नाही.

अकरा दिवस राबून त्यानं तो बसवला. तेलाची तांब्याची नळी स्वतः वाकवली, जोड स्वतः डागले. गाडी माझ्या ताब्यात देताना एकच गोष्ट त्यानं तीनदा सांगितली.

"जोरात पळवून आणली की एकदम बंद करू नका. दोन मिनिटं चालू ठेवा. आतला पंखा तापून लाल झालेला असतो. तेल फिरत राहिलं तर तो थंड होतो. एकदम बंद केली तर तेल जाग्यावर जळून कोळसा होतं."

पहिल्या दिवशी मी पाथरी रस्त्याला गाडी काढली. एसटी पुढे होती. पाय दाबला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मागून चार माणसांनी धक्का द्यावा तशी गाडी सुटली. मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. बावन्न वर्षांचा माणूस मी, पोरासारखा ओरडलो. इतका आनंद मला दुकानात कधी झाला नव्हता.

घरी आलो, शेडकडच्या मागच्या दारात गाडी उभी केली. सिताराम शेडमधून फडक्याला हात पुसत येत होता. "चालू ठेवा, आप्पा, दोन मिनिटं. तुमी व्हा आत, मी बघतो."

माझी गाडी चालू, मी आत, किल्ली गाडीत आणि हा गाडीशी! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे एवढ्यासाठी ती दोन मिनिटं. मी गेलो की हा गिऱ्हाइकांना गाडीतून फिरवून आणणार. शिवाय पेट्रोलचा भाव वर्षभरात कुठल्या कुठं गेलेला. त्या दिवशी तो समोर होता म्हणून मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी शेडकडे न्यायचंच सोडलं. घराच्या पुढच्या दारी थांबायचं, किल्ली फिरवायची, कमरेला खोचायची.

तिसऱ्या दिवशी भागम्मा ओट्यावर सूप घेऊन बसली होती. "अहो, सिताराम सांगून गेलाय न्हाई का, चालू ठेवा म्हणून?"

"पेट्रोल काय तुझ्या माहेराहून येतंय?"

"तो कशाला खोटं सांगंल?"

"तेच तर शोधायलोय," मी म्हणालो.

आठ दिवस हेच चाललं. रोज पाथरी रस्ता, रोज पूर्ण जोर, रोज दारात येताच बंद.

शर्यतीला निघायच्या दोन दिवस आधी आबासाहेब गाडी बघायला आले. ते मागे बसले, सिताराम माझ्या शेजारी. त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मानवतच्या अलीकडे सरळ रस्ता लागला आणि मी पाय दाबला. गाडी सुटली. आबासाहेब मागून म्हणाले, "आरं व्वा!" सिताराम हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग इंजिनातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मागे निळ्या धुराचा लोट उठला, जोर गेला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

सितारामनं बॉनेट उघडलं. टर्बो निवल्यावर त्यानं तो रस्त्यावरच पोतं अंथरून सोडवला. पंख्याचा दांडा जागीच अडकला होता. त्याच्याभोवती तेलाचा काळा, कडक कोळसा झाला होता. ते बघताच मला सगळं समजलं. आणि मी काय केलं? ओरडलो.

"मेहुण्याचा माल घेतला नाही म्हणून हे केलंस! मुद्दाम केलंस!"

सितारामनं वर पाहिलं. त्याला राग आला नव्हता, तो विचार करत होता. "आप्पा, बंद करायच्या आधी रोज किती वेळ चालू ठेवत व्हता?"

आबासाहेब माझ्याकडे बघत होते. रस्त्यानं जाणारे चार जण थांबले होते.

"दोन मिनिटं," मी म्हणालो. "रोज. तू सांगितलं तसं."

आबासाहेब माणूस हुशार. ते म्हणाले, "आप्पा, नक्की? का आपलं इसरला असाल एखाद्या दिवशी?"

मी तोंड उघडायच्या आत सितारामच बोलला. "न्हाई, आबासाहेब. आप्पा म्हणायलेत तर ठेवलीच असंल. आप्पा कशाला खोटं सांगतील?" मग तो पुन्हा त्या कोळशाकडे वळला. "म्हंजे तेल कमी पोचलं. माझ्याच हातून कुठंतरी चूक झाली."

मी ज्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्यानं माझा शब्द जसाच्या तसा घेतला. शपथ मागितली नाही, पुन्हा विचारलंही नाही. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण आबासाहेब होते, ती चार माणसं होती, आणि मी नुकताच ओरडलो होतो. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

आबासाहेबांनी येणारी जीप थांबवली. चढता चढता म्हणाले, "सिताराम, शेडीचं मग बघू. माझे ट्रक मालानं भरून जातेत बाबा. मला चूक परवडायची न्हाई." सिताराम मान हलवून "बरुबर हाय" म्हणाला.

शर्यत हुकली. तिचं मला काही वाटलं नाही, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. सिताराम रोज शेडमध्ये यायचा, टर्बो आणि नळ्या पोत्यावर मांडायचा आणि आपली चूक शोधत बसायचा. इतर कामाला हात लावायचा नाही. एक जीपवाला आपली जीप दुसरीकडे घेऊन गेला, तेव्हाही यानं मान वर केली नाही. भागम्मा रोज जेवताना विचारायची, "सांगितलं का त्याला?" मी म्हणायचो, "सांगतो." पाचव्या दिवसापासून तिनं विचारायचं सोडलं आणि माझं ताट वाढून आत निघून जायला लागली.

नवव्या दिवशी सकाळी सिताराम दुकानात आला. हातात ती तांब्याची नळी होती. चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

"सापडली, आप्पा. हितं बघा. वाकवताना नळी हितं चपटी झाली. म्हणून तेल अडलं. मी आजच पाथरीला जाऊन आबासाहेबाला सांगून येतो, चूक माझीच व्हती म्हणून. माणसाला कारण तरी कळावं."

मी नळी हातात घेतली. उजेडात धरली. त्या वळणावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. वीस-बावीस वर्षं धान्याचा दाणा पारखणारा माझा अंगठा. नळी गोल होती. कुठंही चपटी नव्हती.

"दिसली ना?" सितारामनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "हाय जराशी."