ओझेलाने गोळा केलेल्या खुर्च्या

सूचना पहिली: स्टेशनवर कोणी बॅग उचलायला पुढे आलं तर नको म्हणायचं.

व्हर्डेल मोझबीने ही सूचना आपल्या मोठ्या बहिणीला आधी फोनवर दिली, ती गाडीत बसल्यावर पुन्हा दिली, आणि गाडी शिकागोजवळ आली तेव्हा तिसऱ्यांदा द्यायला फोन केला, तर ओझेलाने तो उचललाच नाही. ती फलाटावरून चालत आली तेव्हा तिची एक बॅग कुठल्याशा उंच माणसाच्या हातात होती, दुसरी त्याच्या बायकोच्या हातात, आणि ओझेलाच्या कडेवर त्या दोघांचं तान्हं मूल होतं.

"शेंगदाण्या!" ती लांबूनच ओरडली.

सगळा फलाट वळून शेंगदाणा शोधू लागला. शेंगदाणा सत्तरीला टेकला होता, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच होता, आणि त्याने आयुष्यभर एकोणऐंशीव्या रस्त्यावर शहराची बस चालवली होती. आता तो आपल्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष होता. मिसिसिपीत लहानपणी त्याला काय हाक मारत, हे शिकागोत फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ती बिचारी दोन वर्षांपूर्वी गेली.

"हळू बोल गं," तो म्हणाला.

"का? इकडे नाव बदललंस की काय?"

सूचना दुसरी: बसमध्ये चढल्यावर सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं नाही. ड्रायव्हरला म्हटलं तर चालेल. तेही एकदाच.

तिने सगळ्यांना म्हटलं. कानात गाण्याचे बोळे घालून बसलेल्या एका पोरीने वर पाहिलंच नाही, म्हणून तिला दोनदा म्हटलं. मागच्या सीटवरून एक म्हातारा खेकसला, "बाई, बसा की खाली!" ओझेला त्याच्या शेजारीच जाऊन बसली. उतरेपर्यंत त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याची सून आणि सुनेची आई, सगळं तिला पाठ झालं होतं. व्हर्डेल खिडकीकडे तोंड करून बसला होता. ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता.

गल्लीच्या तोंडाशी मंडळाची पाटी होती. मजकूर व्हर्डेलचा. रस्त्यात गाड्या धुऊ नयेत. चेंडू खेळू नये. मोठ्याने गाणी लावू नयेत. पायऱ्यांवर घोळका करू नये. फुलझाडांना हात लावू नये.

ओझेलाने चष्मा चढवून ती पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"आणि श्वास?" तिने विचारलं.

*

इथे सूचना नाही. इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे व्हर्डेल असा का वागत होता ते कळेल.

त्याने मागची खोली रंगवली होती. पिवळी. नवी गादी आणली होती, पडदे लावले होते आणि ते लांडे निघाले म्हणून बदलले होते. ओझेलाला वाटत होतं आपण आठवड्यासाठी आलोय. रविवारचं परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. व्हर्डेलच्या मनात मात्र तिने कायमचं राहावं असं होतं. तिकडे मिसिसिपीत ग्रीनवुडला ती एकटी, इकडे तो एकटा. दोघं दोन घरांत एकेका माणसाचा स्वयंपाक करतात आणि संध्याकाळी फोनवर एकमेकांना काय जेवलो ते सांगतात, याला काय अर्थ आहे?

पण हे विचारायचं कसं? तिला शहर आवडलं तर शनिवारी विचारू, असं त्याने ठरवलं होतं. शहराने आठवडाभर नीट वागावं, कुठे तिला ओरबाडू नये, कोणी तिला टाकून बोलू नये, म्हणून या सगळ्या सूचना. अर्धा जन्म ज्या शहराबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती, त्याची त्याला आता धास्ती वाटायला लागली होती. घरी पाहुणे आल्यावर आपलंच पोर काहीतरी बोलून बसेल अशी वाटते ना, तशी.

*

सूचना तिसरी की चौथी, त्यालाही आठवेना: कोंबडीवर सॉस घालू का विचारलं तर हो म्हणायचं. वेगळा द्या म्हणायचं नाही. इकडे तो वरूनच ओततात. कोंबडीवर, बटाट्यांवर, खालच्या पावावर, सगळ्यावर.

"पाव भिजतो की मग!"

"भिजवण्यासाठीच असतो तो."

ओझेलाने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तिने व्हर्डेलच्या खोक्यातला भिजका पावही उचलला. त्याला एवढा आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे विचारूनच टाकलं असतं. पण तेवढ्यात काउंटरमागची पोरगी कोणावर तरी कडाडली, आणि त्याने शब्द गिळले.

मग बुधवारी बर्फ पडला.

*

सूचना, जी द्यायची राहिली:

ती द्यायची असते हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. पाणी ओलं असतं हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

या गल्लीत बर्फ पडला की गाड्या गाडल्या जातात. ज्याने फावडं घेऊन, कंबर मोडेपर्यंत उपसून आपल्या गाडीपुरता रस्ता मोकळा केला, ती जागा बर्फ वितळेपर्यंत त्याची. तो कामावर जाताना तिथे एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची नसली तर इस्त्रीचं टेबल ठेवतो, उपडी बादली ठेवतो, जे असेल ते. कायद्यात हे कुठेच नाही. पण ती खुर्ची हलवून तिथे गाडी लावणारा माणूस व्हर्डेलच्या पाहण्यात एकच होता, आणि त्याच्या काचांवर रात्रभर पाण्याचा पाइप सोडून लोकांनी त्याची गाडी बर्फाच्या लादीत बसवली होती. खुद्द अध्यक्षांनी तेव्हा पाइप धरला होता, असं म्हणतात.

गुरुवारी सगळ्यांनी उपसलं. शुक्रवारी सकाळी सगळे कामाला गेले. व्हर्डेल औषधं आणायला गेला. ओझेला खिडकीशी आली आणि पाहते तर काय, वाऱ्याने अख्ख्या गल्लीच्या खुर्च्या रस्त्यात नेऊन टाकल्या होत्या!

आता ग्रीनवुडची रीत ऐका. तिकडे वादळ येऊन गेलं की घराघरांच्या ओसरीवरच्या खुर्च्या उडून रस्त्यात, शेतात, कधी झाडावरही सापडतात. सकाळी जो आधी उठेल त्याने त्या गोळा करायच्या, पुसायच्या, आपल्या ओसरीवर मांडायच्या आणि कॉफी चढवायची. मालक एकेक करून येतात, आपली खुर्ची ओळखतात, तिच्यावरच बसून कॉफी पितात आणि मग ती घेऊन घरी जातात. कोणाला आमंत्रण लागत नाही. ओझेलाच्या लग्नाचं बोलणं अशाच एका सकाळी झालं होतं.

तिने व्हर्डेलचे बूट घातले आणि ती बाहेर पडली.

*

औषधांच्या रांगेत दुपार करून व्हर्डेल परत आला तेव्हा कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये कोणा जुन्या सभासदाचा अंत्यविधी सुरू झाला होता. लांबलांबून माणसं आली होती आणि गल्लीत त्यांना आयत्या मोकळ्या जागा मिळाल्या होत्या. एकूण एक जागा भरली होती. रस्त्यात एक खुर्ची दिसेल तर शपथ.

त्याचं लक्ष आपल्या ओसरीकडे गेलं.

लोखंडी पायांच्या खुर्च्या, घडीच्या खुर्च्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोणाचं तरी बाकडं, समोरच्या मिस्टर टोलिव्हरचं इस्त्रीचं टेबल. सगळं कोरडं, लख्ख, ओळीत मांडलेलं. मधोमध ओझेला शाल गुंडाळून बसलेली, पुढ्यात कॉफीचं भांडं आणि घरातले सगळे कप.

"तुमच्याकडचे लोक फार उशिरा उठतात रे," ती म्हणाली. "अजून कोणीच आलं नाही न्यायला."

व्हर्डेलच्या तोंडचं पाणी पळालं. चोरीचा माल अध्यक्षांच्या घरी, आणि तोही धुऊनपुसून!

"आत चल. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

काय झालं ते सांगायला वेळच मिळाला नाही. गल्लीत हॉर्न वाजायला लागला होता. हिरव्या गाडीतून मिस क्लिओथा बिब्स हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आली होती. आपल्या जागेत उभ्या असलेल्या काळ्या गाडीकडे पाहत तिने गल्लीची एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फेरीला तिला ओसरीवर आपली लाल गादीची खुर्ची दिसली. गाडी रस्त्याच्या मध्येच ठेवून ती खाली उतरली. समोरच्या घरातून म्हातारे मिस्टर टोलिव्हर, ज्यांची गाडी मुलगा कामाला घेऊन गेला होता, पायांत सपाता घालून बाहेर आले. आज काहीतरी बघायला मिळणार, हे त्यांनी हॉर्नवरूनच ताडलं होतं.

"मिस्टर मोझबी," मिस क्लिओथा फाटकाशी उभी राहून म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की व्हर्डेल एक पायरी मागे सरला. "माझी खुर्ची तुमच्या ओसरीवर काय करतेय?"

ओझेलाने तोंड उघडलं. व्हर्डेल तिच्यापुढे आला.

"मी उचलली," तो म्हणाला. "सगळ्याच मी उचलल्या. मंडळाने ठरवलंय. या वर्षीपासून खुर्च्या बंद."

"मंडळाने?"

"मंडळाने."

"कुठल्या बैठकीत? मी खजिनदार आहे."

"तातडीची होती."

"माझं इस्त्रीचं टेबलही तातडीनेच उचललंस का?" मिस्टर टोलिव्हर रस्त्यापलीकडून ओरडले. "अरे, तू स्वतः त्या माणसाच्या गाडीवर पाइप—"

"ते वेगळं होतं!"

"लाज नाही वाटत?" मिस क्लिओथाच्या आवाजातला गोडवा आता पार संपला होता. "काल मी ती जागा उपसली. माझ्या हातांना फोड आलेत, बघायचेत? आज दिवसभर उभी आहे मी, आणि आता गाडी लावायला पार हायवेच्या पुलाखाली जाऊ? पुढच्या बैठकीला येते मी, अध्यक्षसाहेब. सगळ्यांना घेऊन येते."

"या ना," व्हर्डेल म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला.

"खोटं बोलतोय तो," ओझेला मागून म्हणाली. "खोटं बोलताना कान ओढतो. पाळण्यात होता तेव्हापासूनची खोड आहे. मी उचलल्या."

"ओझेला, तू गप्प बस."

"तू गप्प बस, शेंगदाण्या."

मिस क्लिओथाने मान वर करून त्या उंच शेंगदाण्याकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या त्या?" मिस्टर टोलिव्हरनी कानाला हात लावून विचारलं.

ओझेलाने सगळं सांगितलं. वादळाचं, ओसरीचं, कॉफीचं. मिस्टर टोलिव्हर हसता हसता फाटकाला धरून उभे राहिले. मिस क्लिओथा हसली नाही.

"छान आहे तुमच्याकडची रीत," ती म्हणाली. "पण मी गाडी कुठे लावू?"

"फावडं कुठे असतं रे?" ओझेलाने विचारलं.

*

सूचना, ओझेलाने व्हर्डेलला दिलेली: फावडं कमरेने नाही, गुडघ्याने उचलायचं.

गल्लीच्या टोकाला आगीच्या बंबासाठीच्या नळाच्या खांबापलीकडे एका गाडीपुरता ढीग अजून तसाच होता, कारण रस्ता साफ करणाऱ्या नगरपालिकेच्या गाडीने सगळा बर्फ तिथेच आणून लोटला होता. दोघांनी तो उपसायला घेतला. खालचा थर दगडासारखा झाला होता. ओझेलाने दोनदा विश्रांती घेतली, व्हर्डेलने जास्त वेळा. मिस क्लिओथा गाडीत हीटर लावून बसली होती आणि मधूनमधून काच खाली करून सांगत होती, "डावीकडे अजून. माझी गाडी रुंद आहे."

जागा झाली तोवर मागे दुसरी गाडी येऊन हॉर्न मारायला लागली होती, म्हणून मिस क्लिओथाला गल्लीला वळसा घालून यावं लागणार होतं.

"कोणाला शिरू देऊ नका!" तिने ओरडून बजावलं.

दोघं त्या मोकळ्या चौकोनात उभे राहिले. वारा तोंडावर येत होता. जागा सोडून जाणं शक्य नव्हतं. लगेच एक पांढरी गाडी दिवा मिचकावत जवळ आली. आतल्या माणसाने हाताने बाजूला व्हायची खूण केली. ओझेलाने कमरेवर हात ठेवले आणि त्याला गुड मॉर्निंग म्हटलं. दुपारचे चार वाजून गेले होते. माणूस निघून गेला.

"खोटं का बोललास?" तिने विचारलं.

"ती तुला वाट्टेल ते बोलली असती."

"मग? मला काय कोणी कधी बोललं नाही? आपली आईच काय काय बोलायची."

"तुला वाटलं असतं, कसलं हे शहर."

"वाटलंच. पहिल्याच दिवशी. त्यात काय?"

व्हर्डेलने फावडं बर्फात रोवलं, काढलं, पुन्हा रोवलं. त्याच्या नाकाचा शेंडा दुखायला लागला होता. शनिवार उद्या होता, पण उद्या तिची बांधाबांध सुरू होईल, आणि समोर उघडी बॅग असताना हे विचारणं त्याला जमलं नसतं.

"मागची खोली रंगवलीय ना, ती पाहुण्यांसाठी नाही," तो म्हणाला.

"माहितेय. पाहुण्यांसाठी कोणी दोनदा पडदे शिवत नाही. जुने कपाटात सापडले मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? माझं घर आहे का ते? आल्यापासून बघतेय, काय करायचं नाही ते सगळं सांगून झालं तुझं. काय करायचं ते एकदा तरी सांगितलंस?"

हिरवी गाडी कोपऱ्यावर वळली. व्हर्डेलने ती पाहिली. ती इथे पोहोचायच्या आत बोलायला हवं होतं, नाहीतर मिस क्लिओथाच्या देखत बोलावं लागलं असतं.

"राहा," तो म्हणाला. "माझ्याकडे राहा, ओझी. मला एकट्याला जेवण जात नाही."

ओझेलाने शाल तोंडावरून खाली घेतली.

"घर विकणार नाही मी."

"नको विकूस."

"आणि ग्रीनवुडला वांगी लावायला जाणार. एप्रिलमध्ये."

"जा."

"मग एप्रिलपर्यंत राहते. पुढचं मला तेव्हा विचार. नीट विचार, रस्त्यात उभं करून नाही."

मिस क्लिओथाने हॉर्न वाजवला. दोघं बाजूला झाले. गाडी आत शिरली, अडकली, मागे आली, पुन्हा शिरली आणि बसली. मिस क्लिओथाने खाली उतरून चारही बाजूंनी पाहिलं.

"ती कॉफी," ती ओझेलाला म्हणाली, "गरम आहे का अजून?"

"गरम करू की."

दोघी चालायला लागल्या. व्हर्डेल दोन्ही फावडी खांद्यावर टाकून मागून निघाला. समोरच्या घरी मिस्टर टोलिव्हर खिडकी उघडून कोणाला तरी फोनवर सांगत होते, आणि त्यांच्या हसण्यातून एकच शब्द स्पष्ट ऐकू येत होता. व्हर्डेलने तो ऐकला. उद्यापर्यंत तो अख्ख्या गल्लीत पसरणार होता. त्याने मान वर केली नाही, पण चाल जराशी वाढवली. तिकीट-खिडकी पाचला बंद होते, आणि रविवारचं तिकीट आजच रद्द केलेलं बरं.