नारळाचे तीन डोळे

वाळूजच्या त्या रबरी भागांच्या कारखान्यात सगळे माना उंचावून उभे होते. पुंजाराम पाणाडी तळहातावर आडवा नारळ ठेवून कामगारांच्या रांगेपुढून चालत होता. एखाद्यापुढे आला की नारळ टुणकन उभा राही आणि रांगेतून "आरं बाप्पा" असा आवाज उठे.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात याच पुंजारामनं दाखवलेल्या जागी कारखान्याच्या बोअरला पाणी लागलं होतं. शेजारच्या कारखान्यालाही लागलं होतं, तेही नारळाशिवाय. पण ते कोण लक्षात घेतो? मालक त्याच्या पुरते भजनी लागले आणि आता कामगारांची पारखही त्याच्याकडूनच करून घेत होते.

"ज्याला जिमिनीखालचं दिसतं, त्याला मानसाच्या आतलं दिसत नाय व्हय?" पुंजाराम म्हणाला. "नारळाला तीन डोळे हायेत ताई. माझे दोन नुसते नावाला."

'ताई' म्हणजे नीरजा, कारखान्याची मनुष्यबळ अधिकारी. माणसं कामावर कशी वागतात, वरिष्ठांच्या वागण्यानं कशी बदलतात, हेच ती विद्यापीठात शिकून आली होती. हे थोतांड आहे, हे तिला तेव्हाच कळलं. पण मालकांपुढे कोण बोलणार, म्हणून ती गप्प बसली.

कडूबापुढे नारळ आडवाच राहिला, म्हणजे हा गडी कामाचा नाही. वैजापूरकडचा हा कडूबा रबराची कड कापण्यात सगळ्यांत तरबेज; पण आदली रात्र त्यानं टँकरची वाट बघत जागून काढली होती. डोळे तांबारलेले, खांदे पडलेले. पुंजारामच्या 'नावाच्या' दोन डोळ्यांनी ते बरोबर टिपलं.

त्या दिवसापासून कारखान्यात 'उभे' आणि 'आडवे' अशा दोन जाती पडल्या. आणि बघता बघता चमत्कार खरा ठरला. उभ्यांचा माल चोख निघू लागला, आडव्यांचा परत येऊ लागला. कडूबाचा तर सगळ्यांत जास्त.

"नारळ खोटं बोलत नाय मॅडम," सुपरवायझर कारभारी म्हणाला. "पुंजाराम नवी मानसं निवडायला येनारंय. त्याच दिवशी कडूबाला काढायचं म्हन्ले साहेब."

नीरजा तडक उठली. ती लायनीवर जाऊन उभी राहिली. कारभारी उभ्यांपाशी थांबून काम समजावत होता, नवी पाती त्यांनाच देत होता, चुकले तर "हुईल, हुईल" म्हणत होता. आडव्यांच्या हातात बोथट पाती, आणि चुकले की "तुझं असंच असनार." कारभारीवर चिडावं, तर तिला स्वतःचंच आठवलं. पूर्वी ती येताजाता कडूबाच्या मुलीच्या दहावीची चौकशी करायची. नारळ आडवा राहिला तेव्हापासून तिनंही त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. खोटं आहे हे माहीत असताना! तिला स्वतःची लाज वाटली.

पुंजाराम आला. जुने-नवे सगळे रिकाम्या पिंपांच्या ओळीपुढे रांगेत उभे राहिले. नीरजा पुढे झाली.

"महाराज, नारळाला तीन डोळे आहेत ना? मग तुमचे दोन झाकू या."

पुंजाराम चुळबुळला, पण मालकांना गंमत वाटली. "होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. डोळ्यांवर रुमाल बांधला. नीरजानं खुणेनंच रांग बाजूला घेतली. उरली ती पिंपं. पुंजाराम चालू लागला आणि एका पिंपापुढे नारळ दिमाखात उभा राहिला.

"ह्यो गडी लई कामाचा," तो म्हणाला.

शेड हसण्यानं दणाणली. नीरजानं तोच नारळ स्वतःच्या तळहातावर घेतला आणि लोखंडी खांबापुढे उभा करून दाखवला. "मनगट जरासं कललं की झालं. थोडा सराव केला की कुणालाही जमतं." तोवर पुंजाराम नारळ तिच्याच हातात सोडून फाटकाबाहेर पडला होता.

कडूबा मात्र हसला नाही.

"मॅडम, नारळ खोटा असंल," तो म्हणाला. "पन माझे हात खरंच बिघडलेत की."

नीरजानं नारळ खाली ठेवला.

"तुमचे हात आम्ही बिघडवले, कडूबा," नीरजा म्हणाली. "बोथट पातं दिलं आणि मी तोंड फिरवलं. वरचे ज्याला नालायक धरून वागवतात, तो तसाच होत जातो. ज्याच्यावर विश्वास टाकतात, त्याचं काम सुधारतं. हे मी शिकलेय, तरी गप्प बसले. पुंजारामनं फक्त नारळ उभा केला. बाकीचा चमत्कार आपण केला." मग ती सगळ्यांकडे वळली. "यापुढे कुणी माणसाची पारख सांगायला आला, तर आधी विचारा, कशावरून? मी सांगितलं, तर मलाही विचारा."

"राहू दे कडूबाला कामावर," मालक खाली बघत म्हणाले.

नीरजानं कडूबाला नवं पातं दिलं. त्यानं एक रबरी चकती कापली. कड अगदी साफ निघाली. पण त्यानं चकतीकडे पाहिलंच नाही. बरी झाली का, हे तो कारभारीच्या चेहऱ्यावर शोधत होता. कडूबाचा स्वतःवरचा विश्वास परत आणण्याच्या मानानं पुंजारामला घालवणं सोपं होतं, हे नीरजाला तेव्हा कळलं.